लातूरच्या आप्पांचा दोघांचा खेळ

नांदेडला उतरले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते आणि बॅगेत एका परदेशी कंपनीचे प्रश्न होते. ही कंपनी टीव्हीला जोडून खेळायचे गेम काढते. नवा भाग बनवण्याआधी कोण खेळतं, कुणाबरोबर खेळतं, हे ती गावोगावी विचारून घेते आणि जिला गिऱ्हाईक नाही ती सोय काढून टाकते. विचारण्याचं काम आमच्या पुण्याच्या ऑफिसचं. या वेळी टांगणीला लागली होती एक जुनी सोय: एकाच टीव्हीचा पडदा मधोमध विभागून दोघांनी शेजारी बसून खेळायची.

स्टेशनबाहेर अर्धापूरची केळी खाल्ली आणि कॉलेजजवळच्या गेमिंगच्या दुकानात गेले. पोरं पडद्यावरून नजर हलवायला तयार नव्हती. "आम्हाला त ऑनलाइनच लागतंय, मॅडम. बाजूला बसून कोन खेळतंय आता?" एकजण म्हणाला. कंपनीला हेच ऐकायचं होतं.

दुपारच्या एसटीने गोदावरी ओलांडून लातूरला आले. लॉजवाल्याने माझी खोली दुसऱ्यालाच देऊन टाकली होती, वर मलाच म्हणाला, "तुमीच उशीर केलाव." भांडून उपयोग नव्हता. बॅग उचलली आणि ठरल्या वेळेच्या बरंच आधी यादीतल्या आप्पांच्या घरी जाऊन थडकले. आप्पांचं आडत दुकान. मुलगा हैदराबादला नोकरीला, तो दिवाळीपुरता येतो. घरात आप्पा आणि सून महानंदा.

पायरीवरच आवाज ऐकू आला. "सुनबाई, मागून यायलाय बघ, पुलावर चढ."

"चढले, आप्पा. तुम्ही उजवीकडं व्हा की."

मी कडी वाजवली. आत एकदम सामसूम. दार उघडलं तेव्हा महानंदा डोक्यावरचा पदर सावरत स्वयंपाकघरात चालली होती आणि आप्पा गळ्यातलं इष्टलिंग सारखं करत उभे होते. दिवाणावर दोन रिमोट पडलेले.

"शरणार्थी," आप्पांनी लिंगायत रीतीने नमस्कार केला. "बसा, ताई."

धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट भाकऱ्या) आले, वर दही. असे धपाटे पुण्यात मिळत नाहीत. खाता खाता मी विचारलं, "घरात कोण खेळतं?"

"पोरगा. आला की खेळतो."

"कुणाबरोबर?"

"एकटाच."

मी पुन्हा विचारलं. आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "एकटाच, म्हणलं की." मला ते उत्तर तसंच नोंदवावं लागलं.

फाटकापर्यंत महानंदा सोडायला आली. "अव्वा (सासूबाई) गेल्यापासून आम्ही दोघंच, ताई. सासऱ्यासमोर बसायची, बोलायची रीत न्हाई आमच्यात. ताटात वाढलं की 'बास' म्हणायचे, तेवढंच. यांनी खेळ आणून ठेवला तवापासून आप्पा बोलतात. खेळात सगळं चालतंय." मग हळूच म्हणाली, "पाहुण्यांसमोर लाजले बघा. दोघांचं तेवढं ठेवा म्हणावं."

पुण्याला परतल्यावर साहेबांपुढे हे सगळं मांडलं. "दारातून ऐकलेलं चालत नाही, सांगितलेलं चालतं," ते म्हणाले. "आणि आपलं गिऱ्हाईक नांदेडची पोरं. सासरा-सून कुठून आणलीस?" मी भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. एवढा प्रवास करून आम्ही माणसाला असा प्रश्न विचारला, की त्याला आपली अब्रू राखायला स्वतःच्याच सुखाविरुद्ध उत्तर द्यावं लागलं. याचं मला फार वाईट वाटतं.

नवा भाग बाजारात आला आणि महानंदाचा फोन आला. "यांनी धाडलाय, ताई. त्यात दोघांचं कुठं हाय, ते गावंना."

"काढून टाकलं गं."

पलीकडून खेळाची डबी मिटल्याचा आवाज आला.

"जुनाच लावा ना," मी म्हणाले.

"लावतो की रोज. पण तो आता पाठ झालाय आम्हाला. कुणी कुणाला काही सांगावं लागत न्हाई."