भिंत काखेत घेऊन सोलापूरला

आपरेटरचाचा कुणाच्याही घरात शिरले की माणसांच्या आधी भिंतीला भेटायचे. उंबऱ्यातून समोरच्या भिंतीकडे टक लावून बघायचे, जवळ जाऊन तिच्यावर तळहात फिरवायचे, पोपडा दिसला तर नखानं खरवडायचे आणि मग दारापर्यंत पावलं मोजत परत यायचे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तिथंही त्यांनी हेच केलं. मुलीचा बाप चहाचा कप धरून उभा, आणि हे म्हणतात, "भिंत लई चांगली हाय, पण वर वासा आडवा येतोय." सोयरीक तरीही जमली, आणि तो किस्सा आमच्या भूमच्या पट्ट्यात बरीच वर्षं फिरत राहिला.

ते पंधरा वर्षं एका फिरत्या टॉकीजचे ऑपरेटर होते. तंबू, इंजिन, मशीन बैलगाडीत घालून बाजाराच्या गावी मुक्काम टाकायचा आणि आठवडाभर खेळ करायचे, असा तो धंदा. एवढे सिनेमे डोळ्यांखालून गेले, पण सिनेमा कसा होता म्हणून विचारलं की चाचा म्हणायचे, "फोकस बराबर होता." नटनट्यांची नावं त्यांना येत नसत. कुठल्या गावात कोणत्या रिळाला पट्टी तुटली, ते मात्र तारीख-वारासकट सांगायचे.

दुष्काळ पडला तेव्हा तिकीट काढून तंबूत बसायला माणूस उरला नाही. मालकानं तंबू विकला आणि चाचा आमच्याच गावच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आले आणि पुढं इथलेच झाले. तिथल्या बाया त्यांना सिनेमा सांगायला लावत. ते रिळांच्या हिशोबानं सांगायचे. पहिल्या रिळात लग्न, तिसऱ्या रिळात पूर, पाचव्यात कोर्ट. मुकादमाची शिट्टी वाजली की म्हणायचे, "इंटरवल," आणि हातोडा खाली ठेवायचे. भाकरी खाऊन बाया परत आल्या की गोष्ट बरोबर त्याच वाक्यापासून पुढं सुरू व्हायची.

एका दुपारी माझ्या आईनं त्यांना विचारलं, "चाचा, सिनेमातली माणसं समदी डाव्या हातानंच का वो जेवत्यात?"

चाचा आधी हसले. मग थांबले. "तुमी कुठं बसत होता, बाई?"

"आमी कुठं बसणार? मागं."

पातळ कापडाचा पडदा बांधला की चित्र पलीकडेही उमटतं, फक्त उलटं. पडद्याच्या मागचं तिकीट कुणालाही काढता यायचं. पण गावातलं कुणी तिथं बसत नसे आणि आमच्या बौद्ध वस्तीतलं कुणी पुढं. याची पाटी कुठंही नव्हती. सगळ्यांना माहीत असलं की पाटी लागत नाही. आईनं आयुष्यात जेवढे सिनेमे बघितले ते सगळे पाठीमागून बघितले. उजव्या हाताची माणसं डाव्या हातानं जेवली, डाव्या हातानं लढली आणि डाव्याच हातानं कुंकू लावत राहिली.

त्या दिवशी चाचांचा हातोडा बराच वेळ तसाच पडून होता, असं आई सांगते. मला ते स्वतः त्यावर बोलले ते पुष्कळ वर्षांनी, एकदाच. "पंधरा वर्सं म्या उजेड टाकला. पण पडद्याच्या मागं येक डाव जाऊन बघितलं न्हाय. ऑपरेटर असून."

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील सभेहून आले की खिशातून घडी केलेलं पत्रक निघायचं आणि ते पीठ लावून भिंतीला चिकटायचं. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवरून. त्यामुळं माझ्या तोंडात कायम एखादं पत्रक तयार असे. चाचांनी ते लगेच ओळखलं. मी दिसलो की हाक यायची, "या, पत्रकवाले." मग म्हणायचे, "बोला, आज कुणाला गाडायचं?" मी चिडायचो. तेही त्यांना आवडायचं.

पाऊस परत आला, गावात गाई-म्हशी परत आल्या आणि दूध संस्था उभी राहिली. वस्तीतलं दूधही संस्थेच्या त्याच कॅनमध्ये ओतलं जाऊ लागलं. पहिल्या आठवड्यात थोडी कुरकुर झाली, मग विरली, कारण कॅनमध्ये ओतलेलं दूध कुणाचं ते कुणालाच सांगता येईना. मग संस्थेनं ठरवलं की गावाला स्वतःचा सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर घ्यायचा. जनावरांच्या रोगराईचे माहितीपट जिल्ह्याहून मिळत, आणि महिन्यातून एखादा सिनेमाही आणता आला असता. गावाचं घरचं थेटर. ही बातमी ऐकून मी दोन रात्री नीट झोपलो नाही.

मशीन निवडायला तिघं जायचे ठरले. संस्थेचे चेअरमन, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. कॉलेजात जातो म्हणून मी. आणि ज्याला यातलं कळतं असा गावातला एकमेव माणूस, म्हणजे चाचा.

निघायच्या सकाळी चाचा काखेत पेपरात गुंडाळलेली हातभर रुंदीची फळी घेऊन स्टँडवर आले. कंडक्टरनं विचारलं, "हे काय घेतलंय?"

"भिंत हाय," चाचा म्हणाले.

"मग भिंतीचं अर्धं तिकीट काढा."

"कशाला? मांडीवर घेतो की."

ती खरंच भिंत होती. चाचांच्या मनात खेळासाठी संस्थेच्या गोदामाची पटांगणाकडची भिंत होती, आणि तिला जो चुना दिला होता, तोच चुना त्यांनी फळीला तीन हात दिला होता. अण्णांनी कपाळाला हात लावला. मला मात्र त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

सोलापूरच्या दुकानदारानं तीन मशीनं मांडली. त्यातलं एक तर बघताक्षणी जीव जडावा असं होतं, नवंकोरं, हलकं, सूटकेससारखं मिटणारं. त्याच्यावर पडदाही फुकट. दुकानदारानं माहितीपटाची पट्टी चढवली, आणि आम्ही दोघं हरखून बघत राहिलो. चाचांनी हात वर केला. "पट्टी काढा."

"पट्टी काढून काय बघणार?"

"उजेड. मशीन घेताना सिनेमा बघायचा न्हाय, सायेब. सिनेमात माणूस फसतंय."

मग पांढरा चौकोन तेवढा उरला. चाचा त्याचे चारी कोपरे बघत राहिले. दिव्याच्या डब्यावर हात ठेवला, पंख्याच्या आवाजाला कान लावला. पट्टीचा एक तुकडा जोडून त्याचं कडं केलं, ते मशीनमधून दहा वेळा फिरवलं आणि खिडकीशी नेऊन तिरकं धरून ओरखडे शोधले. एक मशीन तिथंच बाद झालं. ते पट्टी खात होतं.

राहिली दोन. ते देखणं, आणि दुसरं एक वापरलेलं, काळं, दोन माणसांनी उचलावं असं धूड.

"आता बावीस पावलं पायजेत," चाचा म्हणाले. गोदामाच्या पटांगणात मशीन आणि भिंत यांच्यात तेवढंच अंतर पडणार होतं. दुकान होतं नऊ पावलांचं. चाचा बाहेर गेले, गल्ली ओलांडून समोरच्या चादरींच्या दुकानात शिरले आणि अर्थातच आधी तिथल्या भिंतीला भेटले. काय बोलले कोण जाणे. पाच मिनिटांत तो चादरवाला स्वतःच चादरी टांगून अंधार करायला लागला. मशीन या दुकानाच्या टोकाला, चाचांची फळी त्या दुकानाच्या टोकाला, दोन्ही शटरं अर्धी खाली, आणि मधून सोलापूरची गल्ली चाललेली.

काय तो खेळ झाला. फळीवरून सायकली गेल्या, डोक्यावर पाटी घेतलेली बाई गेली, एक वासरू मध्येच उभं राहिलं ते हलेना. गल्लीतली माणसं वाकून वाकून आत बघू लागली आणि आपापला हात मध्ये घालून सावली पाडू लागली. देखण्या मशीनचा उजेड बावीस पावलांवर पोचेपर्यंत पिवळा पडला होता. काळ्या धुडाचा उजेड पडला तेव्हा चुन्यातले कुंचल्याचे फटकारे एकेक मोजता आले.

अण्णा तरीही देखण्याशेजारीच उभे होते. "चाचा, हे न्यायला सोपं. अन् पडदा फुकट हाय. चावडीपुढं बांधला की दोन्हीकडनं माणूस बसंल. समद्यांची सोय."

सोय. हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगाची आग झाली. मी सुरू झालो. दूध एका कॅनात चालतं, मग माणसं एका बाजूला का चालत नाहीत, ही कसली संस्था, हा कसला सहकार. चादरवाला हातात चादर धरून ऐकत राहिला. अण्णांचा चेहरा लालबुंद झाला.

"पत्रक मागनं," चाचा मला म्हणाले आणि अण्णांकडे वळले. "अण्णा, पातळ उजेडाला पडदा लागतो. ह्या काळ्याला पडदा नको. भिंत पुरे."

"मग मागं बसणाऱ्यांनी काय करायचं?"

"भिंतीच्या मागं पेंडीची पोती हायत. ती बसतील."

 अण्णा वाईट माणूस नव्हते. सगळ्यांना राजी ठेवायची सवय लागलेले माणूस होते. "गावात उत्तर मला द्यावं लागंल, चाचा," ते हळूच म्हणाले.

"द्यायचं तवा मी बाजूला हुभा ऱ्हातो. तुमी आधी तिथं जाऊन बघा तरी."

अण्णा गल्ली ओलांडून फळीपुढं उभे राहिले. फळीवर त्यांची सावली पडली. त्यांनी मान वळवली, मिशी पिळली, परत वळवली. गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "पावणं, मिशी झ्याक." अण्णा तिथूनच म्हणाले, "चाचा, केस न् केस दिसतोय की वो." आणि हेच मशीन घ्यायचं ठरलं. माझ्या भाषणानं जे झालं नसतं ते मिशीनं केलं. मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

पहिल्या खेळाच्या दिवशी पिठाच्या गिरणीवाल्याला चाचा स्वतः जाऊन सांगून आले, की गिरणी चालू राहिली तर दिवा मंद होईल. अख्खं गाव पटांगणात जमलं. भिंत एकच, तिची बाजू एकच, तेव्हा मागं जायचा प्रश्नच नव्हता. पण माणसांना माणसांपासून लांब बसायला पडदाच लागतो असं नाही. गाव उजवीकडे बसलं, वस्ती डावीकडे बसली आणि मधोमध दोन हातांची वाट मोकळी राहिली. कुणी आखली नव्हती. अण्णा वाटेच्या तोंडाशी उभे. कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ द्या ती. उजेडाला जायला वाट पायजेच की."

चाचांनी मशीन बंद केलं. दुधाचे चार कॅन मागवले, त्यांवर जाड फळी टाकली आणि अण्णांना म्हणाले, "हात लावा." दोघांनी ते धूड उचलून वर ठेवलं. मग चाचा मोठ्यानं म्हणाले, "उजेड आता डोक्यावरनं जाईल. त्याला वाट नको. सरका."

कुणी हललं नाही. माझी आई वाटेच्या अगदी काठाशी बसली होती, पदर घट्ट धरून, खाली बघत. माझ्या घशात भाषण आलं होतं. मी चाचांकडे बघितलं. ते खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवले. पट्टी चढवलेली होती, बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. दाबलं नाही. आधी पोरं ओरडली, मग बाया कुजबुजल्या. उजवीकडच्या टोकाला बसलेली एक म्हातारी अखेर वैतागली. "मला हितनं खांब आडवा येतोय," असं म्हणत ती उठली, वाट ओलांडली आणि आईला म्हणाली, "सरक गं जरा." आई सरकली. म्हातारी टेकली. तिच्यामागं तिच्या सुना आल्या, सुनांमागं त्यांची पोरं. वाट वाकडी झाली, मग अरुंद झाली, मग कुठं होती तेही दिसेना. दोन कर्ते पुरुष धोतर झटकून घरी निघून गेले. चाचांनी त्यांना जाऊ दिलं आणि बटण दाबलं.

जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगावरचा माहितीपट होता तो. तेवढ्या टाळ्या मी पुढं कुठल्याही सिनेमाला ऐकल्या नाहीत.

काही वर्षांनी चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मशीन चालवायचं त्यांनी मला शिकवलं आणि ते नळदुर्गला मुलीकडे राहायला निघाले. भूमच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. खिशात त्या पहिल्या खेळावर लिहिलेलं पत्रक होतं, छापायला द्यायच्या आधी त्यांना ऐकवायचं म्हणून. पहिलंच वाक्य होतं, 'आमच्या गावात क्रांती झाली.'

"कुठं झाली?" चाचा म्हणाले. "मी तर तिथंच होतो."

"चाचा, असं काय करता? एवढं मोठं झालं आपल्याकडं."

"लोक सरकले. तेवढं लिव्हा."

"एवढंसं कोण वाचंल?"

"सरकायला काय लागतंय ते ज्याला ठावं हाय, त्यो वाचंल." मग म्हणाले, "अन् ती म्हातारी. तिचं नाव घाला. ती पयली उठली."

तिचं नाव मला माहीत नव्हतं. गावात सगळे तिला नुसती म्हातारीच म्हणत. गाडी लागली, चाचा चढले, आणि ते पत्रक माझ्या हातातच राहिलं. घरी आल्यावर आईला विचारलं. आई म्हणाली, "गजराबाई. इतकी वर्सं म्हायती नव्हतं तुला?"

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेल्याचं पोस्टकार्ड आलं. मी अजूनही पत्रकं लिहितो. क्रांती हा शब्द मला अजूनही आवडतो, आणि तो सोडायचा माझा विचार नाही. पण तो कागदावर उतरण्याआधी मी स्वतःला विचारतो, कोण सरकलं, किती सरकलं, आणि त्या माणसाचं नाव काय. जो सरकला नाही, त्याचंही.