वाढव रे आता

आमच्या सासरी ‘दुकान बंद करा’ असं कोणी म्हणत नसे. ते अशुभ. दुकान वाढवायचं, दिवा वाढवायचा, नारळसुद्धा वाढवायचा. अकोल्यात घराच्या पुढच्याच खोलीत आमचं दुकान होतं, लाकूड कातायच्या खरादाचं. दुपारी जेवायची वेळ झाली की मामाजी, म्हणजे माझे सासरे, पटाशी खाली ठेवत आणि म्हणत, “चला, वाढवा.” नवी सून म्हणून मी हे सगळं आल्या आल्याच पाठ करून टाकलं. ज्यांचा जन्मच त्या घरात झाला त्यांनी मात्र ऐन वेळी गोंधळ घातला.

गोष्ट साठ सालानंतरची. खराद जुना, त्याला मोटर बसवलेली, आणि मोटरीला वेग एकच. लाटणी आणि भोवरे त्या वेगात सुरेख होत. जाड लाकूड चढवलं की सगळी खोली थरथरायची आणि स्वयंपाकघरात फळीवरचे माझे डबे काठाकडे चालू लागायचे. डबे मागे ढकलणं हे माझं रोजचं काम होऊन बसलं होतं.

त्या वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणाला अमरावतीहून माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. मामाजींनी जाहीर केलं, की नातीचा पाळणा मी स्वतः करणार. त्यावर व्याही म्हणाले, “कायले तरास घेता? अमरावतीत तयार पाळणे भेटतात.” झालं! हे वाक्य मामाजींच्या मनात कुसळासारखं रुतलं. बारशाला पाळणा घरचाच हवा. पाळण्याला खांब चार, जाड, आणि घरात शिसमाचं लाकूड बरोबर तेवढंच.

त्या एका वेगावर जाड खांब होईनात. तेव्हा आमच्या ह्यांनी एक युक्ती काढली. बाभळीचे दोन निमुळते लोळे, म्हणजे एका टोकाला जाड नि दुसऱ्याला बारीक असे रूळ, ह्याच खरादावर करून घेतले. एक मोटरीला लावला, एक खरादाला, तोंडं उलटसुलट, आणि दोघांवरून एक पट्टा. लाकडी दांडा सरकवला की पट्टा सरकायचा: डावीकडे नेला की खराद सावकाश फिरे, उजवीकडे नेला की जोरात, आणि मधे हवा तितका. नारळ वाढवून उद्घाटन झालं. दांड्याच्या वर ह्यांनी लाल रंगात सुबक अक्षरं काढली: डावीकडे ‘कमी कर’, उजवीकडे ‘वाढव’.

मामाजी पटाशीवर, हे दांड्यावर. तीन खांब असे झाले की डबे जागचे हलले नाहीत. शेजारचे चाचा लाखेची झिलई चढवायला यायचे. तेही खूश.

चौथा खांब नुकताच चढवला होता. उन्हं डोक्यावर आली. मामाजींनी कपाळ पुसलं, पटाशी बाजूला ठेवली आणि सवयीने म्हणाले, “वाढव रे आता.”

तिघांनी ऐकलं आणि तिघांनीही आज्ञा पाळली. चाचांनी दाराच्या फळ्या लावायला घेतल्या. आत सासूबाईंनी ताटं वाढायला घेतली. आणि ह्यांनी दांडा थेट उजव्या टोकाला नेला.

खराद किंचाळला. खांब दोन्ही टोकांतून सुटला, मामाजींच्या टोपीवरून गेला आणि चाचांनी नुकत्याच लावलेल्या फळीवर आपटून उभा चिरला.

“काहून वाढवलं बे?” मामाजी ओरडले.

“तुमीच तं म्हनलं, वाढव!”

“म्या दुकान वाढव म्हनलं, मशीन नाई!”

“मंग दुकानाचं नाव घ्या ना, बाबा!”

चाचा फळी धरून तसेच उभे. “म्या दुकान बढवली म्हणून बरं,” ते म्हणाले, “नाई तं आज सारेच बढलो असतो.”

आतून सासूबाईंची हाक आली, “वाढलं हो!”

मामाजी जेवले नाहीत. चिरलेला खांब मांडीवर घेऊन बसले. व्याही येणार, ते काय म्हणणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. अशा वेळी उसासे टाकून काही होत नाही. मी दोनच कामं मांडली: खांबाला लाकूड आणि दांड्याला नवे शब्द. लोळ्यांची बाभूळ थोडी उरली होती, त्यातून चौथा खांब निघत होता. रंग जुळणार नव्हता. नाही तर नाही. शब्द चाचांनी दिले, आगगाडीचे. ह्यांनी जुनी अक्षरं खरवडून डावीकडे ‘पॅसेंजर’ लिहिलं, उजवीकडे ‘मेल’.

“आन् थांबवाचं असंन तं?” मामाजींनी विचारलं.

“ठेसन,” चाचा म्हणाले.

चौथा खांब पॅसेंजरवर सुरू झाला आणि पॅसेंजरवरच संपला.

बारशाला व्याह्यांनी पाळण्याभोवती एक फेरी मारली. तीन खांब काळसर, एक फिका. “हा चवथा निराळा काहून?”

“तीन इकडले, एक तुमच्याकडला,” मामाजी म्हणाले. “पोरगी दोन्ही घरची हाय ना.”

व्याही हसले, आणि त्यांनी पाळण्याला हात लावून नमस्कार केला. मामाजींचा जीव भांड्यात पडला. मग पुरुषांची पंगत बसली, बायका गाणी म्हणू लागल्या, पाळणा हलू लागला, रंगात येऊन जरा जास्तच हलू लागला. मामाजींना राहवेना.

“पॅसेंजर! पॅसेंजर!” गाण्यांच्या गलक्यात कोणालाच ऐकू गेलं नाही. तेव्हा ते गरजले, “ठेसन!”

आमच्या घरचे सगळे हात जागच्या जागी थांबले. नणंदेने दोरी सोडली. चाचा पानाचं तबक धरून खांबासारखे उभे राहिले. आणि पंगतीत सासूबाईंच्या हातातली पुरणपोळी व्याह्यांच्या ताटावर तशीच अधांतरी राहिली.