एकोणतीस स्नॅपशॉट

आमच्या कॉलेजचा सर्व्हर सांभाळणारा माणूस मशीनलाही ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणतो. परवा चार वाजता निकाल लावायचा होता आणि निकालाची व्हर्च्युअल मशीन अक्षरशः रांगत होती. मी माझ्या कॉम्प्युटरवर त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून ठेवली होती. माझ्या खुर्चीत बसून त्याने नेहमीसारखा आधी चष्मा पुसला.

“ताईजी, हे एकोणतीस स्नॅपशॉट कुणाचे? एवढं ओझं घेऊन ती कशी चालणार?”

माझेच. श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा माझ्याच्याने टाकवत नाही; प्रत्येक बदलाआधी मी मशीनचाही एक स्नॅपशॉट, म्हणजे तिची त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, ठेवत गेले.

एवढ्यात प्राचार्य आले. “काय झालं?”

“कुछ नहीं सर, पुराना सामान था.”

त्याने ते सगळे स्नॅपशॉट उडवले आणि निकाल वेळेवर लागला. उठताना त्याने हळूच विचारलं, “ताईजी, माझ्याविरुद्धची तक्रारही उडवू? तिच्या तीन कॉप्या आहेत.”