एकाच तळ्याचे बारा फोटो

"तुझा ग्राफ पाहिला. तू तळ्यावर कधी आली होतीस?"

एवढाच ईमेल होता. खाली नाव, योहाना. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी युट्रेख्ट या डच शहरातल्या ऑफिसात मी तो वाचला. उत्तर द्यायला बसले तेव्हा लक्षात आलं, उत्तर दोनच शब्दांचं आहे. कधीच नाही.

मी मूळची पुण्याची. इथे आठ वर्षं सॅटेलाइट इमेजेसवर काम करते. आमची छोटी कंपनी गेमेंटेंना, म्हणजे इथल्या नगरपालिकांना, पाण्याबद्दल सल्ला देते. झूटरमेरच्या बाहेर कुरणाच्या कडेला एक रानतळं आहे. ते आटतंय का, एवढंच आम्हाला विचारलं होतं. सॅटेलाइट इन्फ्रारेडमध्येही बघतो. आपल्याला न दिसणाऱ्या त्या प्रकाशात पाणी काळं दिसतं, जमीन उजळ. माझं मॉडेल काळे ठिपके मोजायचं. ते दरवर्षी कमी होत होते. मी लिहिलं, तळं गाळाने भरत चाललंय, उपसून घ्यावं. सही केली. गेमेंटेने सोमवारसाठी पोकलेन ठरवला आणि आसपासच्या लोकांना माझ्या ग्राफसकट पत्रं पाठवली. त्यातलंच एक योहानाला मिळालं होतं.

मी तिला खरं काय ते कळवलं. तिने त्याच दिवशी चार वाजता तळ्यावर यायला सांगितलं. तक्रारखोर शेजारीण असेल, असं मनात आलं. त्याच महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट पर्मनंट व्हायचं होतं, त्यामुळे उगाच काही उकरून काढायची इच्छा नव्हती. तरी गेले. तळं माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर निघालं.

योहाना सत्तरीच्या पुढची, शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेली. ती कुरणाच्या फाटकाच्या खांबापाशी लिफाफा घेऊन उभी होती. दर मे महिन्यात त्याच खांबावर कॅमेरा टेकवून ती तळ्याचा एक फोटो काढायची. बारा वर्षं. नवरा गेला त्या वर्षी सुरू केलं, म्हणाली.

तिने गवतावर ओळीने फोटो मांडले. पहिल्यात गाई पोटापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. पाणी मोकळं, पण रंगाने चहासारखं. चौथ्या फोटोत कुंपण आलं, गाई बाहेर गेल्या. मग पाणी निवळत गेलं आणि त्यावर हिरवी पानं, बारीक पांढरी फुलं पसरत गेली. बाराव्या फोटोत पाणी जवळजवळ दिसतच नव्हतं. पण प्रत्येक फोटोत पाण्यात एक जुनी लाकडी मेढ होती आणि तिच्यात एक गंजलेला खिळा. बाराही फोटोंत पाणी त्या खिळ्याच्या बोटभर खाली.

इन्फ्रारेडमध्ये हिरवी पानं चांगली उजळ दिसतात. पानांनी झाकलेल्या पाण्याला माझं मॉडेल जमीन समजत होतं. तळं आटत नव्हतं. ते बरं होत होतं.

खात्री करून घ्यायला मी योहानाचे रबरी बूट चढवून आत उतरले. पाणी मांडीपर्यंत आलं, बूट भरले. काठी तळाशी टेकवली तर गाळ चार बोटं. पायाशी एक न्यूट सुळकन गेला. हा दिसतो पालीसारखा, पण बेडकाच्या नात्यातला. काही पिल्लं हिवाळाही या तळ्यातच काढतात, असं योहानाने काठावरून सांगितलं.

"सोमवारी मशीन आलं," ती म्हणाली, "तर परत पहिल्या फोटोपासून सुरुवात."

शुक्रवारी सकाळी मी योहानाकडून मागून आणलेले सगळे फोटो माझ्या बॉससमोर, मार्सेलसमोर, ठेवले आणि रिपोर्ट चुकलाय हे सांगितलं. त्याने एकेक फोटो सावकाश पाहिला. साइट व्हिजिट कुणी केली होती, असं विचारलं. कुणीच नाही, म्हटलं. वेळ कमी म्हणून तो दिवस प्लॅनमधून त्यानेच काढला होता. मी ते बोलले नाही.

"रिपोर्टवर सही कुणाची?"

"माझी."

"मग फोन तू कर. मी शेजारी बसतो. व्हिजिट का झाली नाही, ते मी सांगेन."

त्याने खरोखरच सांगितलं. कुठलीही सबब न जोडता. फोनवरच्या गेमेंटेच्या अधिकारी बाई साहजिकच चिडल्या होत्या. माझं डच अशा वेळी अडखळतं, पण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि दुपारी स्वतः तळ्यावर आल्या. योहानाने त्यांच्यापुढेही ते बारा फोटो गवतावर मांडले. संध्याकाळच्या आत पोकलेन रद्द झाला.

माझं कॉन्ट्रॅक्ट पर्मनंट झालं, दोन महिने उशिरा. सुधारित रिपोर्टमध्ये फोटोंखाली योहानाचं नाव छापलं. आभाराऐवजी तिचा फोन आला, स्पेलिंगमध्ये एक अक्षर राहिलंय म्हणून. मीच तिचे आभार मानले. तिने त्या गुरुवारी दोन ओळी लिहिल्या नसत्या, तर माझ्या सहीने एक जिवंत तळं खरवडलं गेलं असतं आणि मला ते कळलंही नसतं.

यंदा मे महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून तेरावा फोटो मी काढला. तिने पाहिला आणि थोडा डावीकडे गेलाय म्हणाली.

हल्ली प्रत्येक प्रोजेक्टच्या प्लॅनमध्ये मी साइट व्हिजिटला दोन दिवस लिहिते. क्लायंट एक कमी करायला सांगतात. मी लगेच करते. एक तर उरतोच.