कुणाचं ते सांगणारे मेव्हणे

आमच्या मेव्हण्यांइतका उसनं बोलायला घाबरणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल. ते केडगावला शाळेत इतिहास शिकवतात. साधा विनोद सांगायचा तरी तो कुणाकडून ऐकला हे आधी सांगणार, आणि तोवर ऐकणाऱ्याची हसायची इच्छा मरून जाणार. कासुर्डीच्या एका लग्नात शुभेच्छा द्यायला त्यांच्या हातात माईक आला, तर म्हणाले, "संसार सुखाचा होवो, हे माझं न्हाई, आत्ताच बोलले त्या सरपंचांचं हाय. माझं एवढंच, दोघंबी वेळंवर जेवत जा." मांडव हसला. सरपंच तेवढे हसले नाहीत.

माझी मुलगी त्यांच्याच वर्गात. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी तिनं इनामगावच्या उत्खननावर प्रकल्प केला, म्हणजे मोबाईलवरून जसाच्या तसा उतरवला. मेव्हणे आमच्या ओट्यावर चहा पीत वाचत होते, ते एका ओळीवर अडले. "'या टेकाडावर आम्ही कित्येक हिवाळे तंबूत काढले.' पोरी, तू कवा गेलीस तंबूत?"

पोरीनं मान खाली घातली. सोमवारी प्रकल्प द्यायचा होता आणि शाळेतून एकच पुढं जाणार होता. बायको भावावर कडाडली, "दादा, तू मामा हायेस का वैरी? समदी पोरं उतरवत्यात."

"उतरव की. पण कुणाचं हाय ते लिव, आन् त्यात तुझं काय ते दाव," म्हणत त्यांनी रविवारी भाचीला मोटारसायकलवर बसवून इनामगाव गाठलं. तिथं खुरपत असलेल्या एका आजींनी तिला सांगितलं, लहानपणी नांगरटीत रंगीत खापरं निघायची, ती मांडून आजी भातुकली खेळायच्या. पोरीनं ते लिहिलं, खाली आजींचं पूर्ण नाव घातलं. मोबाईलवरचं जे ठेवलं ते कुणाचं, तेही लिहिलं. प्रकल्पाची पानं निम्म्यावर आली. मुख्याध्यापकांनी दुसराच एक जाडजूड, चकचकीत प्रकल्प निवडला. पोर खूप रडली. मामांचंही तोंड उतरलं.

पुढच्या रविवारी ते मला म्हणाले, "दाजी, गाडी काढा. जिचं हाय तिला दावून येऊ."

आजींना वाचता येत नव्हतं. पोर बांधावर बसून वाचू लागली. नावाशी आली तशा त्या म्हणाल्या, "थांब. माझं नाव लिवलंय व्हय? गावात समदी बाळूची आईच म्हनत्यात." लाजून त्यांनी पदर तोंडाला लावला. "परत वाच की, बाय."

पोरीनं परत वाचलं. मग नुसतं नावच वाचलं. मेव्हण्यांची मी आयुष्यभर थट्टा केली, पण त्या बांधावर मला त्यांचा फार अभिमान वाटला. घरी येताना पोर प्रकल्प मांडीवर घेऊन बसली होती. प्रदर्शनाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.