कशेडी, रुतणी, आंबा

अल रय्यानच्या पश्चिमेला, जिथं घरं संपून नुसती माती सुरू व्हायची, तिथं माझं यार्ड होतं. पत्र्याची शेड, ग्रीसने काळा झालेला दुरुस्तीचा खड्डा आणि पाण्याचे अकरा टँकर. कागदांवर माझ्या कफीलचं, म्हणजे स्थानिक भागीदाराचं नाव होतं. कपड्यांवरचे डाग माझे होते. ड्रायव्हर म्हणून आलो, मालक व्हायला बावीस वर्षं लागली. मग कतारला वर्ल्ड कप मिळाला आणि कुणीतरी नकाशावर स्टेडियमकडे जाणारी एक रेघ ओढली. ती माझ्या शेडच्या बरोबर मधून जात होती.

बदली जागा देणार होते, पण ती तासभर लांब. माझी गिऱ्हाइकं अल रय्यानमध्ये. तासभर लांबचा टँकर कोण बोलावणार? म्हणजे यार्ड हललं की धंदा बसला.

रस्त्याच्या कंपनीचा प्रोजेक्ट इंजिनिअर पुण्याचा होता. मला बरं वाटलं, आपल्या भाषेत सौदा करता येईल. मी रेघ साठ मीटर उत्तरेला सरकवा म्हटलं. महिनाभराने चाळीसवर आलो, मग पंचवीसवर. तो शून्यावरून हलला नाही. सौदा करणाऱ्या माणसाचा यापेक्षा मोठा अपमान नाही. शेवटी त्याने चष्मा पुसत मला समजावलं.

"काका, रस्त्याची मध्यरेषा म्हणजे कोथिंबिरीची जुडी नाही."

"कोथिंबीरवाली निदान वर दोन काड्या टाकते," मी म्हटलं आणि त्याच्या ऑफिसचं दार असं आपटलं की आतल्या प्रिंटरने आपोआप एक कागद काढला.

पुढच्या आठवड्यात एक गोरा म्हातारा यार्डात चालत आला. कतारमध्ये चालत येणाऱ्या माणसाची गाडी बंद पडलेली असते किंवा डोकं. मी गाडीची चौकशी केली. गाडी ठीक होती. तो इंग्लंडचा, सर्वेक्षण करणारा, बिन महमूद भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. यंत्रं जमीन उकरायच्या आधी तिथं काही जुनं आहे का ते बघणं हे त्याचं काम. जुनं सापडलं, तर रेघ सरकणार होती. हे ऐकल्यावर मी त्याच्यासाठी चहा मागवला, आणि सोबत बिस्किटंही.

तो बोलायला मोकळा होता. मायदेशी सुट्टीच्या दिवशी तो जुने रोमन रस्ते शोधायचा. शेतांच्या बांधावरून चालायचं, शेतकऱ्यांना त्या त्या तुकड्याचं नाव विचारायचं. रस्ता बुजतो, पण नाव राहतं, आणि नावांमागे नाव लावत गेलं की रस्ता सापडतो, असं त्याचं म्हणणं. दोन हजार वर्षांपूर्वी परक्या मुलखातली माणसं तिथं कामाला आली, रस्ते केले आणि गेली. व्हिसा कुणाचा होता हे मी विचारलं नाही.

मग त्याने टँकरच्या बॉनेटवर कागद पसरला. माझ्या शेडच्या मागून नैर्ऋत्येला एक वाट निघते, म्हणाला. काही किलोमीटर बाणासारखी सरळ. दोन्ही बाजूंना दगड, सारख्या अंतरावर, दोन भाग जमिनीत आणि एक भाग वर, सपाट तोंड वाटेकडे. आजवर त्याने इथं असं शिस्तीचं काम पाहिलं नव्हतं. मी ती वाट पाहिली आहे का?

पाहिली आहे, मी म्हटलं. तेवढंच म्हटलं.

ती वाट मी केली होती.

माझा बाप रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी रस्त्यावर मैलकुली होता. एक मैल रस्ता त्याच्या ताब्यात; खड्डा बुजवायचा, गवत काढायचं, कडेचे दगड सरळ ठेवून त्यांना चुना मारायचा. त्या एका मैलावर मी वाढलो. इथं आलो तेव्हा दुखान रोडच्या दक्षिणेला कामगारांचा एक कॅम्प होता आणि मी तिथं पाणी न्यायचो. वाट अशी नव्हतीच. धूळ उठली की टँकर भरकटायचा आणि मऊ मातीत रुतायचा. एका हिवाळ्यात सगळे शुक्रवार घालवून, आणखी दोन ड्रायव्हरांना शिव्या आणि जेवण देऊन, मी दुतर्फा दगड लावले. बाप लावायचा तसेच. चुनाही मारला होता, तो वाऱ्याने खाल्ला. पाणी वेळेवर पोचू लागलं म्हणून कंत्राटदाराच्या साहेबाला समारंभात ढाल मिळाली. मला नुसतं 'शुक्रन', म्हणजे आभार, तेही गाडीची काच अर्धी खाली करून. ती अर्धी काच मी अजून विसरलेलो नाही.

नावंही आमचीच. वाटेत पुरुषभर उंचीचा एक चढ होता, त्याला आम्ही कशेडी घाट म्हणायचो. जिथं टँकर हमखास रुतायचा ती रुतणी. आणि एकुलती एक खुरटी बाभूळ होती, तो आंबा. परदेशात नावं ठेवताना माणूस जरा सढळ होतो. पुढे नेपाळी, पाकिस्तानी, सुदानी जो कुणी त्या वाटेवर आला, तो हीच नावं घेऊ लागला.

या इंग्रज साहेबाला ती नावं एका उंट राखणाऱ्याने सांगितली होती. पहिल्यापासून हीच नावं आहेत, असं तो म्हणाला. तो स्वतः नऊ वर्षांपूर्वी आला होता, त्यामुळे त्याच्या बाजूने खोटं काही नव्हतं. साहेबाने कोश पालथे घातले. नावं अरबीत सापडेनात. म्हणजे ती अरबीच्याही आधीची असावीत, असा त्याचा तर्क होता. हे मान्य झालं तर वाट राखायची आणि नवा रस्ता सत्तर मीटर उत्तरेला न्यायचा.

मी साठ मागितले होते. सत्तर मिळत होते, तेही एका कप चहात.

घरी सांगितलं तेव्हा बायको बांगडे साफ करत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"अहो, एक दिवस. फक्त त्या एका दिवशी तोंड गप ठेवा."

"मी कधी बोलतो?"

तिने सुरी उचलली आणि पुढचा बांगडा घेतला.

पाहणीच्या सकाळी आम्ही चौघं वाटेवर होतो. साहेब, पुण्याचा इंजिनिअर, नगरपालिकेचा एक तरुण कतारी अधिकारी आणि शेजारचा यार्डवाला म्हणून मी. साहेब वहीतून एकेक नाव वाचत होता. पहिलंच नाव, कशेडी. इंजिनिअर थबकला. त्याने समोरचा तो चढ पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. मुंबई-गोवा रस्त्यावरून एकदा गेलेल्या माणसाला ते नाव सांगावं लागत नाही. रुतणी आणि आंबा ऐकल्यावर तर तो खोकलाच.

माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, "काका, आज मला मराठी येत नाही."

इतके महिने मी ज्याच्याशी भांडलो, तो मला फुकटात यार्ड देत होता. मला फक्त उभं राहायचं होतं.

साहेब आंब्यापाशी थांबला. तिथल्या दगडावर त्याने हात ठेवला, प्रेमानेच. दगडांमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे, म्हणाला, त्यामागे एखादं हरवलेलं माप असणार. मग अधिकाऱ्याकडे वळून म्हणाला, "हे मजुरांचं काम नव्हे. यामागे शिकलेलं डोकं आहे."

मला अर्धी काच दिसली. तिच्यामागे बाप दिसला, चुन्याचं घमेलं घेऊन ओणवा.

"मजुराचंच आहे," मी म्हटलं. "माझ्या बापाचं डोकं आणि माझे हात. माप हरवलेलं नाही. दोन टँकर."

इंजिनिअरने डोळे मिटले. साहेबाला वाटलं मी थट्टा करतोय. तो हसला, आणि त्या हसण्याने माझं उरलंसुरलं भान गेलं. मी यार्डात फोन करून सर्वांत जुना टँकर मागवला. पहिल्या दगडाशी पुढचा बंपर लावला, मागे खूण केली, खुणेपासून पुन्हा लावला. मागचा बंपर दुसऱ्या दगडाशी आला. साहेबाने स्वतः टेप धरला. तीन ठिकाणी मोजलं, तिन्ही ठिकाणी जमलं. तरुण अधिकारी मनापासून हसला, "खलास," म्हणाला आणि घड्याळ बघत गाडीत जाऊन बसला.

परत येताना इंजिनिअरने चष्मा पुसला. मग म्हणाला, "काका, चार पावलं गप्प चालायला काय झालं होतं?" मी त्याला शिवी दिली.

साहेब मात्र प्रामाणिक. दोन दिवसांनी अहवालाचा कच्चा कागद घेऊन आला, पुन्हा चालत. नावांची यादी त्याने तशीच ठेवली होती आणि प्रत्येक नावापुढे अर्थ लिहून घेतला. पण वाटेपुढे इंग्रजीत दोनच शेरे होते: अलीकडची, महत्त्वाची नाही. यावर मी अडून बसलो. कुणी बांधली ते लिहा, म्हटलं. त्या फॉर्मात तसा रकाना नव्हता. वय आणि स्थिती, एवढंच. मग महत्त्वाची नाही हे खोडा. ते त्याने खोडलं. स्थितीपुढे उत्तम लिहा, मी म्हटलं. तो म्हणाला, बरी. इतक्या वर्षांत एक दगड कलला नाही, आणि बरी? तो समाधानकारकवर आला. मी उत्तमवरून हललो नाही. चहाचे दोन कप झाले, त्याला परत चालत जायचं होतं आणि ऊन वाढत होतं.

"चांगली," तो शेवटी म्हणाला.

बाहेर नेपाळी पोरं शेडचे पत्रे सोडवायला लागली होती. मी साहेबाच्या हातात पेन दिलं आणि तो लिहीपर्यंत कागदावरून नजर काढली नाही.