तयारी कोणती, सिस्टर?

वीरण्णामामांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लातूरच्या आमच्या दवाखान्यात ते चोवीस वर्षं वॉर्डात आहेत आणि चोवीस वर्षं उभेच आहेत. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे त्या भागाचे केस काढायचे, अंग पुसायचं, हिरवा गाऊन चढवायचा, हे त्यांचं काम. आम्ही त्याला 'प्रेप' म्हणायचो. काम नसलं की मामा वस्तऱ्याचा ट्रे पुसत फेऱ्या घालणार. कुठं जायचं असलं की दहाच्या बससाठी साडेआठला स्टँडवर. मला त्यांचा राग यायचा, कारण एकच गोष्ट ते दहादा विचारायचे.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी फर्मान काढलं: पेशंटशी मराठीतच बोला. मला म्हणाले, "लुंबिनी सिस्टर, तुमचं मराठी चांगलं आहे, शब्दांची यादी करून लावा." लोहा गावच्या शाळेत निबंधात माझा नेहमी पहिला नंबर यायचा, तेवढ्यावर मी हुरळले. डिस्चार्जपुढे लिहिलं सुट्टी, प्रेपपुढे तयारी. तीन सेकंदही विचार केला नाही. मामा त्या यादीसमोर येऊन चुळबुळत उभे राहिले.

"तयारी कोणती, सिस्टर?"

"कोणती म्हणजे? तयारी ती तयारी."

"तसं न्हाई. लातुरात पोरं डॉक्टरकीची तयारी करायलेत, ती एक. लग्नाची एक. पोरगी तयार हाय म्हणलं की होकार झाला, ती निराळीच. आन् गावाकडं दवाखान्यातनं फोन गेला, तयारी करा, की मग..."

"मामा, कामं पडलीत."

"आपला प्रेप बरा होता," ते जाता जाता पुटपुटले. "कुणाला कळत न्हवता, म्हणून कुणी भ्यायचं न्हाई."

मी लक्ष दिलं नाही. शहाणपणा शिकवतात, असं मनात म्हणाले.

आठवड्याभरात औशाच्या पुढच्या एका गावातून मलप्पा आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भरती झाले. सत्तरीचे, सडपातळ, थट्टेखोर. त्यांचं हृदय जरा कमजोर आहे, असं तपासणीत निघालं, तेव्हा त्यांचा मुलगा राजशेखर घाबरला. तरी आधार कार्ड आणायला त्याला गावी परत जावं लागलं. सकाळी अकराच्या सुमाराला त्याचा वॉर्डात फोन आला. मी सलाईन लावत होते, मामांनी उचलला.

"डॉक्टर काय म्हणले?"

मामांनी यादीकडे बघितलं आणि हुकमाप्रमाणे मराठीत सांगितलं, "तयारी करायला सांगितलंय. उद्या सकाळी सातच्या आत."

"दुसरा काही इलाज न्हाई का?"

"आता ह्योच इलाज."

फोन बंद झाला. मामा रिसीव्हर हातात धरून तसेच उभे.

"सिस्टर, हुंदका दिला त्यानं. केस काढायचे म्हणून कुणी रडतं का?"

मी म्हटलं, फोन लावा परत. लावला तर बिझी. पुन्हा बिझी. फाईलमध्ये दुसरा नंबर नव्हता. मामा खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत राहिले. तिकडे आजोबांच्या घरात 'तयारी'चा काय अर्थ घेतला असेल ते मलाही आता कळलं होतं. अखेर मामांनी ट्रे माझ्या टेबलावर ठेवला आणि ते आजोबांच्या गावी निघाले. सही करून जा म्हणेपर्यंत ते जिन्यावर होते.

अडीचला माझ्या मोबाईलवर त्यांचा फोन आला. धापा टाकत होते. आजोबांचं घर लिंगायत, आणि लिंगायतांत मेलेल्या माणसाला खड्ड्यात बसवून समाधी देतात. उन्हाळ्यातली ती जमीन फोडायला अर्धा दिवस जातो, म्हणून राजशेखरनं लगेच माणसं लावली होती. शेताच्या बांधावर कुदळी चालू होत्या.

"आजोबाला फोन द्या, सिस्टर, लौकर! माझ्यावर कुणी इस्वास ठेवंना झालंय!"

मी धावत आजोबांच्या कॉटकडे गेले. पलीकडून बायकांचं रडणं स्पष्ट ऐकू येत होतं. आजोबांना दोन शब्दांत सांगितलं आणि फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

"कमलम्मा," आजोबा बायकोला म्हणाले, "म्हशीला पाणी दावलंस का?"

पलीकडचं रडणं एकदम थांबलं.

"दावलं," एक बारीक आवाज आला. मग तोच आवाज फुटून रडायला लागला. आजोबांपुढे फोन धरून मीही रडले. यादीवरचं अक्षर माझं होतं.

संध्याकाळी मामा परतले, तेव्हा आजोबांनी विचारलं, "खड्डा किती खांदला?"

"कमरेइतका."

"मंग बरं झालं आलो न्हाई. बसल्यावर डोस्कं भाईर राहिलं असतं."

सगळा वॉर्ड हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी आजोबांचे केस काढले आणि प्रत्येक वेळी वस्तरा उचलण्याआधी काय करणार ते सांगितलं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी कमलम्मा आल्या. नवऱ्याला बघून बाहेर बाकावर येऊन बसल्या. मामा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले, "चुकलं माझं, बाई."

"चूक माझी आहे, आजी," मी म्हटलं. "तो शब्द मी लिहिला होता."

त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "शबुदाचं काय न्हाई, बाई. समदे तयारीला लागले. कोण खड्ड्याला गेलं, कोण समाधीच्या पूजेला जंगमाला बोलवाया गेलं, कोण पावण्यांना फोन लावत बसलं. पन्नास वर्सं संसार केला मी त्यांच्यासंगं. पर एकानंबी मला इचारलं न्हाई, कमलम्मा, तुझी तयारी हाय का?"

पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "न्हवती."

मामांनी जोडलेले हात सोडले आणि त्यांच्याशेजारी बाकावर बसले.